अक्का तोंडानं म्हणेपर्यंत

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
२० फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, मागाच्या खडखडाटानं तुझे कान केव्हाच खाल्ले. माझ्या श्रुतीच्या मोबाईलवरून लिहावं तर ते आधी ती वाचते, आणि हे तिला कळायला नको आहे. म्हणून टपाल. इचलकरंजीला पत्र पाठवतेय बघून पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "तासाभराची वाट हाय की ओ, जाऊन या."

आमच्या चटणीच्या कारखान्यावर संकट आलं आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यानं दोन ट्रक कांदा-लसूण चटणी उधारीवर उचलली आणि तो बुडाला. मंगळवारी झुंबरअक्कानं आम्हा बाराजणींना मिरची कुटायच्या कांडपाजवळ बोलावलं. अक्का रडणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी बोलताना सारखी पदराला हात पुसत होती. म्हणाली, "बायांनो, दुसरीकडं काम बघा. पगार द्यायची माझी ऐपत ऱ्हायली न्हाय, आन् फुकट राबवून घ्यायची मला सवय न्हाय."

तशी धोंडुबाई उठली. आमच्यात ती सगळ्यात म्हातारी. म्हणाली, "माझ्या नातवाच्या आपरेशनला तू पाटल्या मोडल्यास, तवा मी इचारलं का, ऐपत हाय का म्हणून?" आणि तिनं पदराची गाठ सोडली. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाचा भंडारा ती कायम जवळ ठेवते. प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट ठेवला आणि म्हणाली, "म्हणा गं. अक्का तिच्या तोंडानं 'पुरे' म्हणत न्हाय तवर पगार घ्यायचा न्हाय, काम सोडायचं न्हाय, कांडप बंद ठिवायचं न्हाय." बाराही जणींनी म्हटलं आणि भंडारा कपाळाला लावला.  हे गेले तेव्हा तू मला अक्काच्या हाताखाली लावलंस, तिनं नंतर मला कधी परकं मानलं नाही. मी तरी मागं कशी राहणार?

अक्का आमच्यावर खेकसली, "खुळ्या झालाय काय गं समद्या?" मग पोत्यावर बसून राहिली. शेवटी म्हणाली, अक्षयतृतीयेला मी 'पुरे' म्हणणार, त्यावर एक दिवस नाही. म्हणजे दोन महिन्यांचाच प्रश्न. श्रुतीच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी जुलैत भरायची आहे, तोवर सगळं मार्गी लागेल. पगार बँकेत पडतोय असं मी तिला सांगितलं आहे. तूही तेच सांग.

वहिनीला नमस्कार.

तुझी
संयू


इचलकरंजी
२७ फेब्रुवारी

चि. संयू,

आशीर्वाद नेहमीचेच. बाकीचं पत्र शिव्यांचं आहे, ते बसून वाच.

मालक अडचणीत आला तर कामगारानं त्याला चहा पाजावा, दोन शब्द धीराचे बोलावे. घाम फुकट देऊ नये. तुम्ही बाराजणी शहाण्या, म्हणून कपाळाला भंडारा फासून फुकट राबायला निघालात! अक्का भली आहे, मान्य. पण तिचा पोरगा राजवर्धन उद्या गल्ल्यावर बसेल तेव्हा त्याला वाटेल, या बायकांना पगार लागतच नाही. मी चाळीस वर्षांत एक दिवस फुकट माग चालवलेला नाही.

तुझी अक्का माझ्याच यंत्रमागाच्या शेडात सुताच्या कांड्या भरायला होती, हे तुला माहीत आहे. पण एक गोष्ट तुला सांगितली नसेन. अठ्ठ्याऐंशी साली मालकानं तीन आठवडे पगार थकवला. सूत महागलंय, म्हणाला, आपलंच घर समजून सांभाळून घ्या. आम्ही गडीमाणसं माना खाली घालून माग चालवत राहिलो. अक्कानं कांड्यांची टोपली खाली ठेवली आणि मागांच्या ओळींतून चालत निघाली. त्या आवाजात ओरडून काय उपयोग? शेडात आम्ही हातानंच बोलायचो. जेवायला चल, दोरा तुटला, मालक आला, सगळ्याला खुणा. तिनं एकेकापुढं थांबून हातानं सांगितलं, बंद कर. चाळीस माग बंद पडले. संध्याकाळी पगार झाला.

म्हणून मी जरा गप्प बसतो. शपथ तिच्या तोंडावर ठेवली आहे, दुसऱ्या कुणाच्या असती तर आत्ता येऊन तुला ओढून नेलं असतं. अक्का तृतीयेला म्हणेन म्हणाली म्हणजे तृतीयेला म्हणेल.

श्रुतीशी खोटं बोलायचं मला पटत नाही. पण बोललो.

दादा


कोल्हापूर
३ मे

दादा,

लिहायला हात उचलत नव्हता. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला अक्का वजनकाट्याजवळ उभी होती, तिथंच कलंडली. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दहा दिवस दवाखान्यात होती, आता घरी आणली आहे, कारखान्यावरच्या माडीवर.

वाचा गेली म्हणजे एक शब्द राहिला आहे. "व्हय." डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यात सगळं शाबूत असतं पण तोंडातून एकच शब्द येतो. पाणी पाहिजे का, व्हय. उजेड डोळ्यावर येतोय का, व्हय. तिला बोलायचं दुसरंच असतं आणि बाहेर येतं तेच, मग तीच चिडते.

अक्षयतृतीयेला आम्ही बाराजणी धुतलेली लुगडी-साड्या नेसून माडीवर गेलो. धोंडुबाईनं विचारलं, "अक्का, पुरे का?" अक्का म्हणाली, "व्हय." दादा, आम्ही एकमेकींच्या गळ्यातच पडलो. पण धोंडुबाईनं हात वर केला. पुन्हा विचारलं, "अजून राबू का?" "व्हय." मग तिनं विचारलं, "अक्का, मी मेलीया का?" अक्का तिच्याकडं बघत राहिली, डोळ्यांतून पाणी उशीवर सांडायला लागलं, आणि म्हणाली, "व्हय."

आम्ही खाली आलो.  आणि शपथ 'व्हय'ची नव्हतीच, 'पुरे'ची होती. आमच्यातल्या मीनाबाईनं बटण दाबलं, कांडप सुरू झालं.

त्यातल्या त्यात बरं एवढंच की अक्काला आमची जाण आहे. खाली कांडप सुरू झालं की वर तिचा डावा हात कॉटवर आपटायला लागतो. आवाज ऐकून तिला हुरूप येतो बघ. मग आम्हीही जोरानं मिरच्या ओततो.

संयू


इचलकरंजी
१० मे

संयू,

अक्काचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आता तुझं.

ती बोलू शकत नाही, मग शपथ संपली. इतकं साधं आहे. देव काय वकील आहे का, शब्दावर बोट ठेवून बसायला? बाराजणी मिळून राजवर्धनकडं जा आणि सांगा, आजपासून पगार. नसेल जमत तर कांडप बंद करा आणि घरी बसा. तुमच्या जिवावर तो कारखाना चालवतोय हे तुम्हाला कसं दिसत नाही?

आणि श्रुतीला खरं काय ते सांगून टाक. मला खोटं बोलायला लावू नकोस, परवा तिनं मेसेज केला, मामा, आईचा पगार जमला का. मी अंगठा पाठवला. मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली.

तुझी वहिनी म्हणते, सरळ इकडं निघून ये. इथं कांड्या भरायचं काम बघू. पण ते काही खरं नाही, अर्धे माग बंद आहेत.

दादा


कोल्हापूर
४ जुलै

दादा,

दोन महिने उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तू सांगितलेलं सगळं करून बघितलं.

राजवर्धनकडं गेलो. तो काही राक्षस नाही, त्याचेही गाल बसले आहेत. म्हणाला, "मावशी, मी कुटं नगं म्हंतोय? शपथ तुमी घातल्यासा. आई म्हणू दे, दुसऱ्या मिन्टाला पगार सुरू करतो." आम्ही परत आलो. त्याला काय म्हणणार? चटणी विकून येतं ते अक्काच्या औषधाला आणि व्यापाऱ्यांच्या मिरचीला जातं. आम्ही थांबलो तर तेही थांबेल.

गोकुळ शिरगावला नवीन मसाल्याचा कारखाना निघाला आहे, तिथं अनुभवी बायका हव्या होत्या. मीनाबाई गुपचूप बघायला गेली. त्याच आठवड्यात तिच्या मुलाची गाडी घसरली, पाय मोडला. ती स्वतःच परत आली, कांडपापुढं नाक घासलं. तेव्हापासून कुणी त्या कारखान्याचं नाव काढत नाही. तिथून मलाही बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. तू हसशील. पण तू मला सांग, माझ्या श्रुतीला काही झालं असतं तर तू हसला असतास का?

श्रुतीला कळलं. माझं पासबुक घेऊन समोर बसली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "आई, एकतीस जुलै शेवटची तारीख हाय," आणि पासबुक होतं तिथं ठेवून आली. दादा, मला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या हातानं मी तिचं वर्ष घालवतेय आणि मला थांबता येत नाही.

अक्काची तब्येत आहे तशीच. फक्त तो हात आता बघवत नाही. पालथा पंजा तीनदा आपटते आणि मूठ मिटते. परत तीनदा, परत मूठ. कांडप चालू असेतोवर हेच. आम्ही जेवायला बसलो की एकदम शांत. मनगट सुजून काळंनिळं झालं, म्हणून सूनबाईनं, निशिगंधानं, दिवसा तो हात ओढणीनं कॉटला बांधून ठेवला आहे. ती तरी काय करणार, डॉक्टरनीच सांगितलं, इजा होऊ देऊ नका. बांधला तरी बोटं हलत असतात.

संयू


इचलकरंजी
९ जुलै

संयू,

तो हात सोडा. पत्र वाचशील तशी माडीवर जा आणि ओढणी सोड.

पालथा पंजा तीनदा खाली आणि मग मूठ. अगं, ही आमच्या शेडातली खूण आहे. माग बंद कर. अठ्ठ्याऐंशी साली याच हातानं ती चाळीस मागांपुढं उभी होती. मे महिन्यात तू नुसतं 'हात आपटते' लिहिलंस, मी वाचून पुढं गेलो, माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तुम्हाला वाटलं हुरूप येतोय. ती तीन महिने घसा नसलेली बाई ओरडतेय, बंद करा, बंद करा, आणि तुम्ही जोरानं मिरच्या ओतताय!

मी रविवारी पहिल्या गाडीनं येतो. सगळ्या बायकांना बोलावून ठेव.

दादा


इचलकरंजी
१५ जुलै

चि. संयू,

रविवारपासून मी हवेत आहे. तुझी वहिनी म्हणते, किती वर्षांनी तुम्हाला असं बघितलं.

तुला खरं सांगू? कान गेल्यापासून मी माणसांत बसतो, पण गप्पांत नसतो. लोक ओठ हलवतात, मी मान हलवतो. परवा अक्काच्या कॉटजवळ बसलो आणि पहिल्यांदा कुणाशी तरी पोटभर बोललो. मी खूण केली, माग बंद? तिचे डोळे एवढे मोठे झाले! पंजा, पंजा, पंजा, मूठ. मी विचारलं, कुणाचे? तिनं तुम्हा बाराजणींकडं एकेक करून बोट केलं, एकही चुकवली नाही. मी विचारलं, मजुरी? तिनं बोटावर अंगठा घासला आणि पुन्हा तुमच्याकडं दाखवलं, मग राजवर्धनकडं. मग दाराकडं हात केला, घरी जा. आणि हसली गं! अर्ध्याच तोंडानं, पण तीच शेडातली अक्का. मलाच रडू आवरेना.

तुझी धोंडुबाई माझ्यापुढं हात जोडून किती वेळ बोलत होती. ऐकू काही आलं नाही, पण डोळे भरलेले होते म्हातारीचे. बाकीच्याही जवळ येऊन बोलल्या. मी सगळ्यांना म्हटलं, सुटलात, आता घरी जा. झालं एकदाचं. आता श्रुतीला फॉर्म भरायला सांग. पहिला पगार येईपर्यंत मी कुठूनतरी जुळवतो.

एक कबूल करायचं आहे. चाळीस वर्षांत एक दिवस फुकट राबलो नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं. आमच्या मालकाचे निम्मे माग बंद आहेत आणि गेलं दीड वर्ष मी दर रविवारी त्यांना तेल घालायला जातो. कुणी बोलावत नाही, कुणी पैसे देत नाही, शपथही कुणी घातलेली नाही. गंज चढताना बघवत नाही एवढंच. तुला शिव्या घालत होतो आणि अंगाला तेलाचा वास येत होता. पण आता या रविवारी गेलो नाही, अक्काकडं आलो. पुढच्याही रविवारी जाणार नाही.

दादा


कोल्हापूर
२४ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू इतका खुशीत होतास की चार दिवस पाकीट नुसतंच उशाशी ठेवलं. तुला कुणीतरी सांगायलाच हवं, आणि माझ्याशिवाय कोण सांगणार?

धोंडुबाई त्या दिवशी तुझे आभार मानत नव्हती. ती हात जोडून म्हणत होती, "पावणं, तुमच्या भाचीची फी भरायची हाय, आम्हास्नी ठावं हाय. तिच्यासाठी आमी समद्या मिळून काय तरी करू. पर त्याच्यासाठी देवाला फसवू नगासा." बाकीच्या म्हणत होत्या, तोंडानं म्हणली का? हातवारे म्हंजे तोंड व्हय? ती भाषा या माडीवर तुला एकट्याला येते, आणि तू माझा भाऊ. तू 'सुटलात' म्हणालास तेव्हा दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. तुला वाटलं असेल, डोळे पुसतायत.

मी सांगितलं, शपथेवर सांगितलं, मला पटलंय, माझ्या डोळ्यांनी मी बघितलं, तिनं बाराही जणींना मोजलं. मीनाबाई म्हणाली, "पटलंय न्हवं? मग तू जा घरी. आमच्या पोरांचं काय व्हायचं ते हुईल." निशिगंधा कोपऱ्यात उभी राहून नुसती रडत होती. राजवर्धन म्हणाला, तुमचं तुमी ठरवा, मी मधी पडत न्हाय.

सोमवारी मी गेले नाही. नऊ वाजेपर्यंत घरात बसले. गल्लीत कांडपाचा आवाज येत होता. अकराजणी काम करतायत आणि मी पाय पसरून बसलेय. त्यांच्यातल्या कुणाच्या पोराला साधा ताप आला तरी सगळ्या माझ्या दाराकडं बघणार. साडेनऊला चप्पल घातली आणि गेले. धोंडुबाईनं सरकून माझी जागा करून दिली. मला माझा राग येतो, दादा. अक्कानं सोडलंय हे मला माहीत आहे आणि तरी मी राबतेय. आता तर शपथेचं निमित्तही माझ्याकडं नाही.

श्रुती कालपासून महाद्वार रोडला साडीच्या दुकानात कामाला लागली. कॉलेजचं नाव काढलं की म्हणते, बघू पुढच्या वर्षी. तू जुळवलेले पैसे पाठवू नकोस, ती घेणार नाही, मी विचारलं. तिच्या दुकानात एक तारखेला पगार होतो, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

अक्काची ओढणी मी तुझं नऊ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी सोडली होती, ती परत कुणी बांधलेली नाही. बांधायची गरज पडत नाही. त्या रविवारनंतर तिनं हात एकदाही आपटलेला नाही. निशिगंधाला वाटतं, दादांनी येऊन गुण आला. त्याच सोमवारी कांडप चालू असताना मी वर बघायला गेले. अक्का छताकडं बघत पडली होती, हात पोटावर. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि तू केली होतीस तशी खूण केली. पालथा पंजा तीनदा, मग मूठ. बंद करू का, म्हणून विचारलं.

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. तिचं बोटसुद्धा हललं नाही. मग म्हणाली, "व्हय."

मी खाली आले आणि मिरच्या ओतल्या.

तुझी
संयू